मोटारीची झिलई : शाणेपासून विजेच्या चाकापर्यंत

लिव्हरपूलच्या कापूसबाजारांत एके काळीं ‘ऊमरा’ या नांवाचा माल विकला जात असे. हें नांव कोणा साहेबाचें नव्हे. तें आपल्या उमरावतीचें, म्हणजेच आजच्या अमरावतीचें. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरापर्यंत गेली, आणि आपला आखूड धाग्याचा कापूस गांठींच्या रूपानें सातासमुद्रांपलीकडे जाऊं लागला.

आजचा विषय मात्र कापसाचा नाहीं. घरची मोटार घरींच झळाळती ठेवण्यासाठीं विजेचें झिलई-यंत्र घ्यावयाचें तर कोणतें घ्यावें, हा आहे. मग आरंभीं कापूस कशाला, असें आपणांस वाटेल. तर कापसाचा आणि मोटारीच्या झळाळीचा एक जुना ऋणानुबंध आहे; तो पुढें ओघानें येईल. शिवाय यंत्राची निवड ही दुकानांतील कांचेच्या कपाटापुढें उभें राहून होत नाहीं. यंत्र मोटारीला नेमकें काय करतें हें ज्याला ठाऊक, त्यालाच ती साधते. आणि तें कळण्यासाठीं इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

झिलई ही कला आपल्या देशाला नवी नाहीं. अशोकाचे स्तंभ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतले. वाळूच्या दगडावर आणलेली त्यांची आरशासारखी तकाकी आजही पाहणाराला थक्क करते. रत्नें घासण्याची शाण, जिला आपण सहाणेची बहीण म्हणूं, ती कुरुंदाच्या पुडीची व लाखेची करीत. लाख वितळवावी, तींत कुरुंदाची बारीक पूड कालवावी, आणि त्याचें चाक ओतून तें दोरीनें किंवा पट्ट्यानें फिरवावें. तरवारींना पाणी देणारे शिकलगारही याच विद्येचे धनी. यांतील कुरुंद आपल्या विदर्भांतच, भंडारा जिल्ह्यांत सांपडतो. आणि लाख पळसावर होते, तो पळस तर आपल्या रानांत फाल्गुनांत पेटलेला कोणीं पाहिला नाहीं? तमिळ ‘कुरुंदम्’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ या शब्दांवरूनच इंग्रजींत ‘कोरंडम’ हा शब्द गेला. १८९१ सालीं अमेरिकेंत ॲचिसन नांवाच्या संशोधकानें विजेच्या भट्टींत एक नवा कठीण पदार्थ केला, तेव्हां त्यालाही त्यानें ‘कार्बोरंडम’ असें नांव दिलें. आपल्या शाणेवरचा शब्द असा जगभर हिंडला. आणि शब्दच नव्हे, पदार्थही हिंडला : मोटारीच्या झिलईसाठीं आज ज्या बाटल्या विकत मिळतात, त्यांतील बहुतेकांत घासण्याचें मुख्य काम करणारी पूड ही ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे रसायनदृष्ट्या कुरुंदाचीच असते.

परंतु झिलई म्हणजे काय? या साध्या प्रश्नावर शास्त्रज्ञांचा वाद दोन शतकांहून अधिक काळ चालला. न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत सांगितलें कीं, कांच घासतांना तिच्यावरील खडबडीतपणा नाहींसा होत नाहीं. मोठे ओरखडे जाऊन त्यांच्या जागीं इतके सूक्ष्म ओरखडे येतात कीं डोळ्यांना ते दिसत नाहींत. पुढें बील्बी या स्कॉच रसायनशास्त्रज्ञानें निराळें मत मांडलें. १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, घांसण्यानें पृष्ठभागाचा पातळसा थर द्रवासारखा वाहतो आणि खांचखळगे भरून काढतो. हें मत कांहीं दशकें मान्यही झालें. १९५० नंतर सॅम्युएल्स या ऑस्ट्रेलियन धातुशास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं, झिलईंतसुद्धां मुख्यतः छाटणीच होते. म्हणजे न्यूटनचा पक्ष खरा ठरला.

श्रोतेहो, हा वाद केवळ पंडिती नाहीं. बील्बीचें मत खरें असतें तर मोटार कितीही वेळां घोटली तरी तिचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु झिलई म्हणजे छाटणी, आणि छाटलेलें परत येत नाहीं. आपल्या निवडीचा सगळा प्रश्न या एका वाक्यावर उभा आहे.

आतां मोटारीच्या रंगाकडे वळूं. पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांचा रंगही बग्गीचाच. तेलाच्या वार्निशाचे थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक वाळूं द्यावयाचा, मग घोटावयाचा. एक गाडी पुरी व्हावयाला आठवड्यांमागून आठवडे लागत. फोर्ड साहेबांनीं १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली सुप्रसिद्ध गाडी केवळ काळ्या रंगांत विकली. भट्टींत भाजून लवकर वाळणारा काळा रंग कारखान्याच्या वेगाला सोईचा पडे. रंगीत गाडी हवी तर वार्निशाची वाट पाहणें भाग होतें.

ही कोंडी फोडली ती कापसानें. शोनबाइन या जर्मन-स्विस शास्त्रज्ञानें १८४६ च्या सुमारास कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला होता. पहिल्या महायुद्धांत या पदार्थाचे अवाढव्य कारखाने उभे राहिले. युद्ध संपल्यावर त्यांना काम उरलें नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनीच्या रसायनज्ञांनीं त्याच नत्रित कापसापासून पिचकारीनें उडविण्याजोगा पातळ, तरीही रंगानें भरदार असा लेप तयार केला. ‘ड्यूको’ हें त्याचें नांव. १९२४ सालच्या ओकलंड गाड्या या लेपाच्या निळ्या रंगांत बाजारांत आल्या आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. असल्या लेपासाठीं सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतु फार उपयोगी पडे. वऱ्हाडांतील ज्या जिनिंग कारखान्यांच्या अंगणांत सरकीचे ढीग पडत, तेथील माणसाला कोणी सांगितलें असतें कीं ही लव एके दिवशीं मोटारीला चकाकी देईल, तर त्यानें हंसून पान लावलें असतें!

मात्र ड्यूकोच्या अंगीं एक खोड होती. पिचकारींतून उडविल्यावर तो मंद, निस्तेज दिसे. चकाकी हवी तर तो घोटावाच लागे. शिवाय उन्हापावसानें कांहीं महिन्यांत तो पुन्हां फिकट होई. म्हणून मोटारीबरोबर घोटण्याचा धंदाही वाढला. अमेरिकेंत मेग्वायर यांचा १९०१ सालीं सुरू झालेला धंदा मूळचा लांकडी सामानाच्या झिलईचा. तो पुढें मोटारींकडे वळला. १९१० सालची सायमनाइझ ही कंपनी मोटारीच्या मेणासाठीं घरोघरीं ठाऊक झाली. ब्राझिलांतील कार्नोबा ताडाच्या पानांवरचें मेण या कामीं आजही वापरतात. आपल्या इकडे १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ सालीं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या सगळ्या काळांत मोटारीचा रंग एकाच जातीच्या थराचा असे. ‘रबिंग’ म्हणून जो शब्द आपल्या गॅरेजांतून ऐकूं येतो तो त्या युगाचा. फडक्यावर रंग निघाला तरी चिंता नसे, कारण खालींही तोच रंग असे.

पुढें पाश्चात्य देशांत १९८० च्या आगेंमागें आणि नंतर आपल्याकडेही रंगाची रीत बदलली. आतां रंगाचा थर पातळ व मंद असतो आणि त्यावर कांचेसारखा पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. झळाळी त्याची, आणि वैशाखाच्या उन्हापासून रंगाला राखण्याचें कामही त्याचेंच. हा थर किती जाड? साधारणतः ३५ ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन भरतो. म्हणजे ज्या थरावर आपण यंत्र चालविणार, तो केंसाहूनही पातळ आहे. जुन्या रबिंगचा हात जर या नव्या थरावर तसाच चालला, तर एके दिवशीं बॉनेटवर पांढुरका डाग उमटतो आणि मग नव्या रंगाखेरीज दुसरा इलाज राहत नाहीं.

आतां हिशेब करूं. थर ४० मायक्रॉनचा धरला आणि त्यांतील चौथा हिस्सा, म्हणजे १० मायक्रॉन, गाडीच्या साऱ्या आयुष्यांत खर्च करण्यास मोकळा मानला, तर जोरकस घोटणीला दर खेपेस तीन-चार मायक्रॉन लागतात. अशा खेपा दोन किंवा तीनच. उलट हलक्या घोटणीला एक मायक्रॉन पुरतो. त्या दहा होतील. मूळ ठेव फार थोडी आहे. ती एकदम उधळावी कीं जपून वापरावी, हें यंत्राच्या जातीवर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

यंत्राच्या जाती तीन. त्यांचाही इतिहास थोडक्यांत सांगतों. १८९५ सालीं जर्मनींत स्टुटगार्टच्या फाइन कारखान्यानें हातांत धरून चालविण्याचें विजेचें गिरमीट केलें. १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर यांनीं पिस्तुलासारख्या मुठीच्या गिरमिटाचें पेटंट मिळविलें. विजेची मोटर हातांत मावूं लागल्यावर तिला लोंकरीची गादी बसवून झिलईस लावणें हें ओघानेंच आलें. ही पहिली जात, रोटरी. तिचें चाक एकाच आंसाभोवतीं सरळ फिरतें. दुसरी जात ड्युअल ॲक्शन. हिचा आंस मध्यावरून सरकविलेला असतो. त्यामुळें गादी स्वतःभोवतीं फिरतां फिरतां लहान वर्तुळांतही डोलते, जसा भोंवरा फिरतां फिरतां घुमतो. तिसऱ्या जातींत फिरणें आणि डोलणें हीं दोन्हीं दांतेरी चाकांनीं बांधलेलीं असतात. दाब दिला तरी गादी थांबत नाहीं.

फरक आंकड्यांनीं स्पष्ट होईल. रोटरीवर १५० मिलिमीटर व्यासाची गादी मिनिटाला १,५०० फेऱ्यांनीं फिरत असेल, तर तिची कड मिनिटाला सुमारें ७०० मीटर धांवते, आणि ती एकाच दिशेनें. १५ मिलिमीटरच्या डोलाचें ड्युअल ॲक्शन यंत्र मिनिटाला ४,५०० वेळां डोललें, तर त्या डोलण्यानें गादीचा बिंदु सुमारें २१० मीटर मार्ग काटतो, आणि त्याची दिशा क्षणोक्षणीं बदलते. म्हणून रोटरी लवकर कापते, पण उष्णता फार करते आणि नवख्या हातांत उन्हांत दिसणाऱ्या धूसर चक्राकार खुणा मागें ठेवते. ड्युअल ॲक्शन सावकाश कापतें. कड्यावर किंवा बांकावर दाब पडला तर त्याची गादी फिरावयाची थांबते आणि काम आपोआप मंदावतें. उस्ताद कारागिराला ही उणीव वाटेल. घरीं वर्षांतून एक-दोनदां यंत्र धरणाऱ्याला ती देवानें दिलेली राखण आहे. तिसरी, बांधलेली जात शक्तिमान खरी. परंतु ती थांबत नसल्यानें तिला धरणाऱ्याचा हात सरावाचा हवा.

म्हणून घरगुती वापरासाठीं माझें मत निःसंशय ड्युअल ॲक्शनच्या बाजूचें आहे. त्यांतही डोल किती मिलिमीटरचा, हें विचारून घ्यावें. ८ मिलिमीटरचा डोल लहान, सोपा, पण काम फार सावकाश. २१ मिलिमीटरचा डोल २०१० नंतरच्या दशकांत इटलींतील रूपेस कंपनीनें लोकप्रिय केला; तो मोठ्या, सपाट छतांना उत्तम, पण आपल्या लहान गाड्यांच्या अरुंद खांबांवर अवजड पडतो. १२ किंवा १५ मिलिमीटरचा डोल आणि १२५ मिलिमीटरची तबकडी ही जोडी आपल्याकडील बहुतेक गाड्यांना बेताची. गति कमी-जास्त करण्याची चकती असावी आणि दाब पडतांच गति कोसळूं नये. वजन दोन-अडीच किलोच्या आसपास असावें. दुकानांत तें हातांत कौतुकानें धरूं नये, पांच मिनिटें आडवें धरून पाहावें, म्हणजे दारावर काम करतांना खांदा काय म्हणेल तें कळेल. वायर लांब असावी. दुरुस्तीला कार्बन-ब्रश व सुटे भाग आपल्याच शहरांत मिळतात कीं नाहीं हें आधीं विचारावें. किती वॅट, याचा गवगवा फार होतो. गादीचा मऊपणा आणि पुडीचा बारीकपणा यांनीं त्याहून अधिक फरक पडतो.

एका गोष्टीचा इशारा मात्र स्पष्ट शब्दांत देतों. फरशी व लोखंड कापण्याचा अँगल ग्राइंडर पुष्कळ घरीं असतो, आणि त्यालाच झिलईची गादी लावावी असा मोह होतो. त्याचें चाक मिनिटाला ११,००० फेऱ्यांपर्यंत जातें; १०० मिलिमीटरची कड मिनिटाला जवळजवळ साडेतीन हजार मीटर धांवते, म्हणजे रोटरीच्या पांचपट. असल्या वेगापुढें केंसाहून पातळ थर किती टिकणार? गादीच फाटून अंगावर येण्याचा धोका निराळाच. हें हत्यार मोटारीजवळ आणूंच नये.

आतां आपल्या वऱ्हाडचा विचार. २०२२ च्या जून महिन्यांत अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, पण कडेची माती तीच. धुळींतले टोंकदार कण सुक्या फडक्याखालीं सांपडले कीं क्लिअर कोटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील पाणी गाडीवर वाळलें तर त्याचे पांढरे ठिपके उमटतात; उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांकडे गेला कीं हे ठिपके अधिकच घट्ट बसतात. म्हणजे येथील गाडीला झिलईची गरज पुण्या-मुंबईपेक्षां कमी नाहीं. परंतु येथेंच ती सावलींत, शक्य तर सकाळच्या प्रहरीं आणि पत्रा हाताला गार लागत असतांना करावी, नाहींतर औषध अंगावरच सुकून जातें.

पद्धत सोपी आहे. प्रथम भरपूर पाण्यानें धूळ वाहूं द्यावी, मग साबणानें धुवावें. पत्र्यावर हात फिरवून खरखर लागली तर मोटारीसाठीं मिळणाऱ्या चिकण्या मातीच्या गोळ्यानें ती काढावी. कड्यांवर, रबरावर व काळ्या प्लॅस्टिकवर कागदी पट्टी लावावी. मग एका कोंपऱ्यांत हातभर चौरसावर सर्वांत मऊ गादी आणि सर्वांत बारीक औषध यांचा प्रयोग करावा. तेवढ्यानें काम झालें तर तेंच सगळीकडे. नाहीं झालें तरच एक पायरी वर चढावें. गादी पत्र्यावर टेकवूनच बटण दाबावें आणि थांबल्यावरच उचलावी. हात घाई न करतां, आडवा व मग उभा, चार-सहा वेळां फिरवावा. प्लॅस्टिकच्या बंपरची उष्णता पत्र्यासारखी पसरत नाहीं, तेथें अधिक जपावें. जुनी एका थराची गाडी असेल तर गादीवर रंग दिसेल. नव्या गाडीवर मात्र रंग दिसूं लागला तर त्याच क्षणीं थांबावें. डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडकें असावें, आणि ओल्या जमिनीवर वायर लोळूं देऊं नये.

शिकलगाराची एक शिस्त विचार करण्यासारखी आहे. दर शाणेला पातें थोडें झिजतें हें तो जाणतो. म्हणून गंज चढूंच नये यासाठीं पात्याला तेल लावून म्यानांत ठेवावयास तो सांगतो. मोटारीचेंही तसेंच. स्वच्छ पाणी, दोन बादल्या, मऊ फडकें आणि वेळेवर मेणाचा हात एवढें सांभाळलें, तर यंत्र वर्षांतून एकदां कपाटाबाहेर आलें तरी पुरे. कारखान्यानें दिलेला चाळीस मायक्रॉनचा तो थर गाडीबरोबर शेवटपर्यंत राहावा, हाच या खटाटोपाचा हेतु. यंत्र निवडतांना तें किती जोरानें कापतें हें दुकानदार आपण होऊन सांगेल. तें किती कमी कापूं शकतें, हें आपण विचारावें.